नवीन रायफलचं डिझाइन मोठ्या कंपनीला परवान्यावर द्यायचंय, कुठे फसू शकतो?

कानस
नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसता वाचत आलो, आज अडलं म्हणून लिहितोय.

पोटापाण्यासाठी मशीन डिझाइन करतो. गेली सहा वर्षं फावल्या वेळात एका बोल्ट अ‍ॅक्शन रायफलवर काम चालू आहे, नेमबाजीच्या वापराची. जोडीला एक परवानाधारक बंदूक कारागीर आहेत. घडवण्याचं सगळं काम त्यांच्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्याच परवान्यावर होतं. मी डावखुरा. उजव्या हाताच्या रायफलवर डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर हात आडवा नेऊन बोल्ट ओढावा लागतो, गाल दस्त्यावरून उठतो, लागलेला नेम मोडतो. डावखुऱ्या रायफली मिळतात, पण मोजक्याच मॉडेलांत. माझ्या डिझाइनमध्ये बोल्टची मूठ आणि रिकामं काडतूस बाहेर पडण्याची बाजू, दोन्ही अवजाराशिवाय पालटता येतात. असं करणाऱ्या रायफली आधीही झाल्या आहेत, ठाऊक आहे. माझं नवेपण एका सांध्यात आहे आणि त्याबद्दल इथे एवढंच.

तीन नमुने झाले. तिसऱ्यातून चार हजारांवर गोळ्या झाडून झाल्यात, सांधा अजून ढिला पडलेला नाही. कारखाना काढायची ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर हौसही नाही. म्हणून एका मोठ्या उत्पादकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: ड्रॉइंग पाठवा, बघतो. सोबत सहीसाठी एक पानी फॉर्म.

पाठवू का? आणि पुढे बोलणी झालीच तर एकरकमी पैसे घ्यावेत की रॉयल्टी?

अडाणी_प्रश्न
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण आधी त्यांच्याकडून गोपनीयतेचा करार करून घ्या ना. मग काय बिशाद आहे ढापायची!

कलमकसाई
अडाणीराव, गंमत अशी की तो एक पानी फॉर्म बहुधा नेमका याच्या उलट आहे. कानस, तुम्ही तो इथे टाकला नाहीत ते बरंच केलंत, पण मजकूर मी न बघता सांगतो: 'तुम्ही दिलेली माहिती गोपनीय मानायला आम्ही बांधील नाही, तुमचे हक्क असतील तर ते फक्त पेटंटमधून येणारे.' बाहेरून आलेल्या कल्पनांसाठी बऱ्याच मोठ्या कंपन्या असाच कागद ठेवतात. त्यामागे चोरीचीच वृत्ती असते असं नाही. त्यांच्या स्वतःच्या डिझाइन विभागात तुमच्यासारख्याच कल्पनेवर आधीपासून काम चालू असलं, तर उद्या तुम्ही खटला भराल याची त्यांना धास्ती.

म्हणजे पेटंटचा अर्ज दाखल झाल्याशिवाय त्या फॉर्मवर सही म्हणजे घराची किल्ली पायपुसण्यावर ठेवून गावाला जाणं. अर्ज टाकलाय का? आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा प्रश्न: नमुना आजवर कुणाकुणाला दाखवला?

कानस
अर्ज नाही टाकलेला. एकदा कंपनी हो म्हणाली की खर्च करू, असा विचार होता.

दाखवला म्हणजे... आठ महिन्यांपूर्वी क्लबच्या रेंजवर नेली होती. दहा-बारा जणांनी चालवली. बोल्टची बाजू पालटून दाखवली, पण सांधा कुणासमोर उघडला नाही. फोटो कुणी काढले असतील तर माहीत नाही.

कलमकसाई
हे आधी सांगायला हवं होतं. आता नीट वाचा.

पेटंट नवेपणावर मिळतं, आणि आपणच केलेला गाजावाजाही नवेपण मारतो. अमेरिकेत शोध लावणाऱ्याला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची सवलत आहे. तुमचे आठ महिने गेले, चार उरले. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. अर्जाच्या आदल्या दिवशीही गोष्ट लोकांसमोर आली असेल तर ती जुनी. तिथे वाद एवढाच राहील की त्या दिवशी रेंजवर लोकांसमोर नेमकं काय आलं. सांधा बंद होता, नुसतं चालवून बघून आतली रचना कळण्यासारखी नव्हती, असं म्हणता येईल. पण ते सिद्ध करायची वेळ येऊ नये. त्या दहा-बारा जणांशी गुप्ततेचं काही बोलणं झालं होतं का, तेही आठवून ठेवा.

पेटंट वकील गाठून पंधरा दिवसांत अर्ज टाका. अमेरिकेत प्राथमिक अर्जाची सोय आहे. तो टाकला की पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. आंतरराष्ट्रीय मार्गाने गेलात तर देशोदेशीचे अर्ज साधारण तीस महिन्यांपर्यंत लांबवता येतात. बोलणी करायला एवढा वेळ पुरतो. मात्र प्राथमिक अर्जात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही, त्यामुळे चार ओळी खरडून टाकू नका. सांध्याचे तुम्हाला सुचलेले सगळे प्रकार त्यात यायला हवेत, न बनवलेलेही.

पुस्तकी_किडा
पेटंट नीट लिहिलं तर काय होतं याचं याच धंद्यातलं उदाहरण देतो, जरा लांबण लागेल.

१८८३ मध्ये विंचेस्टर या अमेरिकी बंदूक कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती एक वापरलेली एकबारी रायफल आली, क्रमांक ४६३. यूटातल्या ऑग्डेन गावी ब्राउनिंग बंधूंच्या दुकानात बनलेली. ती कंपनीत पोचली आणि टी. जी. बेनेट हे बडे अधिकारी जातीने ऑग्डेनला जाऊन धडकले. जॉन मोझेस ब्राउनिंगने १८७९ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. सौदा ठरला ८,००० डॉलरला, एकरकमी. हीच पुढे विंचेस्टरची १८८५ ची एकबारी. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं ब्राउनिंग डिझाइन करतोय आणि विंचेस्टर रोख मोजून घेतंय असं चाललं. चाळीसहून जास्त डिझाइनं विकली गेली आणि त्यातली बहुतेक विंचेस्टरने कधी बनवलीच नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून विकत घेऊन ठेवायची.

मग आपोआप भरणाऱ्या शॉटगनच्या वेळी ब्राउनिंग म्हणाला, आता एकरकमी नको, प्रत्येक नगामागे रॉयल्टी द्या. बेनेट नाही म्हणाले. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्या दिवशीच, ८ जानेवारी १९०२ ला, रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली वारले. भेटायला आलेला माणूस बाहेर ताटकळत बसलेला! शेवटी गडी नमुना घेऊन थेट बेल्जियमला गेला, एफएन या बंदूक कंपनीकडे. तिथे करार झाला. रेमिंग्टननेही पुढे परवाना घेतला.

आता मजा. विंचेस्टरला त्याच तोडीची बंदूक स्वतःची काढायला १९११ साल उजाडलं. त्या शॉटगनच्या पेटंटला हात विंचेस्टरच्याच माणसांचा लागला होता असं सांगतात, आणि ते इतकं घट्ट निघालं की त्यांच्या टी. सी. जॉन्सनला त्यातून वाट काढता काढता वर्षं गेली. बोल्ट ओढायची साधी मूठसुद्धा वापरता येईना, म्हणून बॅरलच धरून मागे दाबायची अशी बंदूक निघाली. कागदी काडतूस फुगून अडकलं की लोक दस्ता जमिनीला टेकवून बॅरल खाली रेटायचे, तोंड स्वतःकडे करून. तिला 'विधवा करणारी' हे नाव उगाच नाही पडलं.

जुना_टर्नर
किडेराव, झकास. पण माझा मुद्दा वेगळा, तेलकट हातांचा आहे.

कानस, तो तिसरा नमुना कसा जुळवला? खरं सांगा. ड्रॉइंगप्रमाणे भाग आले आणि खटकन बसले, की तुमच्या कारागिरांनी कानस मारून बसवले?

कानस
नाव बघूनच ओळखलंत :) कानस मारून. सांध्याची एक पाकळी आधी घट्ट बसत होती. कारागिरांनी निळा रंग लावून बोल्ट आत-बाहेर केला, जिथे रंग खरवडला गेला तिथे ऑइलस्टोनचे चार-पाच हात मारले, पुन्हा रंग, पुन्हा हात. दीड तास. मग असा बसला की बंद होताना आवाज येत नाही, नुसता श्वास सोडल्यासारखा वाटतो.

जुना_टर्नर
तो दीड तास ड्रॉइंगमध्ये कुठे आहे?

कंपनी हजारांनी भाग पाडणार. तिकडे रंग लावून ऑइलस्टोन मारायला कुणी बसणार नाही. एका ढिगातला बोल्ट, दुसऱ्या ढिगातली बॉडी, उचलली की बसली पाहिजे आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, गेजला उतरली पाहिजे. तुमच्या पाकळीवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काय लिहिलाय? ०.०२ मिमी लिहिला असेल तर उत्पादनवाला आधी हसेल, मग भाव करेल आणि शेवटी म्हणेल, हे आम्हाला बदलावं लागेल. बदललं की डिझाइन कुणाचं?

अमेरिकेच्या आर्मालाइट कंपनीने १९५७ मध्ये एआर-१० या रायफलचा परवाना हॉलंडच्या आर्टिलरी-इनरिख्टिंगेनला दिला. ड्रॉइंग इंचात, कारखाना मिलिमीटरमध्ये. सगळी मापं बदलून घेण्यात आणि भाग करून देणारे शोधण्यात काळ गेला, मोठ्या ऑर्डरी हुकल्या, एकूण रायफली दहा हजारांचा आकडाही गाठू शकल्या नाहीत. डिझाइन वाईट होतं म्हणून नव्हे.

माझा सल्ला: कंपनीकडे जाण्याआधी त्याच ड्रॉइंगवरून दुसऱ्या कुणा परवानाधारकाकडून एक नमुना बनवून घ्या. तुम्ही तिथे उभं राहायचं नाही, फोनही उचलायचा नाही. जे अडेल ते लिहून ठेवायला सांगा. ती वही तुमच्या पेटंटइतकीच मोलाची.

नेमबाज_डावरी
मीही डावखुरी. अकरा वर्षं उजव्या रायफलवर काढली, त्यामुळे धागा बघताच उडी मारली.

पण एक कडू बोलते. कंपनीला 'डावखुऱ्यांसाठी' म्हणून विकायला जाऊ नका, लगेच म्हणतील बाजार केवढा? त्यांची खरी डोकेदुखी आहे गोदाम. प्रत्येक मॉडेलची उजवी-डावी दोन रूपं ठेवायची म्हणजे दुप्पट साठा, आणि डावी पडून राहतात म्हणून ती काढतच नाहीत. तुमची एकच रायफल दोन्हीकडे चालते. क्लबच्या सामाईक रायफली, प्रशिक्षण शिबिरं, एका घरात दोन हातांचे दोघे, असं मांडा. त्यांच्या विक्री विभागाला कळेल अशा भाषेत.

आणि हो, बाजू पालटताना सेफ्टी कुठे जाते? अर्धवट पालटलेली असताना गोळी सुटू शकते का? रेंज ऑफिसर पहिला प्रश्न हाच विचारेल.

कानस
अर्धवट असेल तर बोल्ट पूर्ण बंदच होत नाही आणि बंद नसेल तर काडतुसावर आदळणारी पिन पुढे जात नाही. पण 'अर्धवट' आणि 'जवळजवळ पूर्ण' यांच्या मधली एक स्थिती आहे, तिची चाचणी अजून मनासारखी झालेली नाही. गोदामाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आभार ताई.

जुना_टर्नर
ती मधली स्थिती संपवल्याशिवाय कुणालाही ड्रॉइंग दाखवू नका. हे पेटंटपेक्षा आधी. शस्त्रांची मानकं ठरवणाऱ्या सामी (अमेरिकेतली) आणि सीआयपी (युरोपातली) या संस्थांच्या कसोट्या माहीत असतीलच: दाबाची परीक्षा, उंचावरून पाडून बघणं, हिसका देऊन बघणं. कंपनी त्या करणारच, पण तुमचा नमुना तिथे पहिल्यांदा नापास झाला तर दुसऱ्यांदा तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.

दुधाने_पोळलेला
माझी हकीकत लिहितो. रायफल नव्हती, खटक्याचा संच होता, ओढ कमी-जास्त करता येणारा. कंपनीचं नाव घेणार नाही.

पेटंट होतं. वकील होता. रॉयल्टीचा टक्का चांगला होता, सही करताना फोटोसुद्धा काढला. करार 'अनन्य', म्हणजे त्यांच्याशिवाय कुणी बनवायचा नाही, मीही नाही. पहिलं वर्ष 'चाचण्या चालू आहेत'. दुसरं वर्ष 'पुढच्या कॅटलॉगला घेतोय'. तिसऱ्या वर्षी माझ्याशी बोलणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि नव्या माणसाला मी कोण तेच ठाऊक नव्हतं. चौथ्या वर्षी त्यांचा स्वतःचा खटका बाजारात आला. माझ्यासारखा नव्हता, उगाच आरोप करत नाही. पण माझा कपाटात होता आणि चावी त्यांच्याकडे. शून्य नगांवर कितीही चांगला टक्का लावा, शून्यच. पेटंटची मुदत मात्र माझ्या खिशातून संपत होती, दरवर्षीचं शुल्कही मीच भरत होतो.

करारात फक्त एक ओळ हवी होती: अमुक महिन्यांत विक्री सुरू झाली नाही, तर हक्क परत. ती ओळ मी मागितली होती. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं विचारलं, आणि मी लाजलो.

अडाणी_प्रश्न
'आणि मी लाजलो.' बापरे.

कलमकसाई
पोळलेले, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कानस, मूळ प्रश्नाकडे येतो: एकरकमी की रॉयल्टी. त्याआधी त्या ओळीची ताकद बघा.

ती ओळ दोन रूपांत येते. एक, ठरलेल्या मुदतीत उत्पादन आणि विक्री सुरू करण्याचं बंधन, नाही केलं तर अनन्यता जाते किंवा करारच सुटतो. दोन, किमान वार्षिक रॉयल्टी: एकही नग विकला नाही तरी ठराविक रक्कम द्यायचीच. मी दोन्ही मागतो. कंपनी एक देते. त्यांनी यातलं काहीच दिलं नाही, तर त्यांना तुमची रायफल नको आहे, ती दुसऱ्याकडे नसावी एवढंच हवंय. विंचेस्टरने जे केलं ते.

आता पैसा. खरं उदाहरण हवं असेल तर आर्मालाइटने १९५९ मध्ये एआर-१५ आणि एआर-१० चे हक्क कोल्ट या बंदूक कंपनीला दिले ते ७५,००० डॉलर रोख आणि पुढच्या प्रत्येक रायफलवर साडेचार टक्के, या बोलीवर. थोडं आधी, बाकी नगावर. ही मांडणी आजही चालते. आधीच्या रकमेतून तुमचा पेटंटचा आणि नमुन्यांचा खर्च निघावा, म्हणजे पुढचे टक्के ठरवताना तुम्ही अडलेले नसता.

टक्का कशावर, हे टक्क्याइतकंच महत्त्वाचं. 'निव्वळ विक्री किंमत' म्हणतात आणि मग त्यातून सूट, वाहतूक, परत आलेला माल, जाहिरात असं काय काय वजा करतात. वजावटी मोजून लिहून घ्या. रायफल दुर्बीण आणि पेटीसकट विकली तर टक्का कशावर? त्यांच्याच उपकंपनीला स्वस्तात विकली तर? हिशोब तपासायचा हक्क हवा, आणि तपासात मोठा फरक निघाला तर तपासाचा खर्च त्यांचा.

मुदतीबद्दल एक गोष्ट माझी आवडती आहे. किंबल नावाच्या गृहस्थांनी स्पायडरमॅनसारखं जाळं फेकणारं खेळणं शोधलं होतं. स्पायडरमॅनवाल्या मार्वल कंपनीशी कोर्टात भांडण झालं आणि मग तडजोड: सुमारे पाच लाख डॉलर आणि तीन टक्के, शेवटची तारीख नाहीच. पुढे मार्वलने कोर्टात म्हटलं, पेटंट संपलं की रॉयल्टी थांबायला हवी. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ चाच नियम कायम ठेवला: पेटंट संपल्यानंतरच्या वापरासाठी त्या पेटंटची रॉयल्टी मागता येत नाही. पण त्याच निकालात वाटही आहे. पेटंटखेरीज दुसरं काही दिलं असेल, म्हणजे ज्ञान, नाव, ड्रॉइंग, तर त्यासाठी वेगळी रॉयल्टी पुढे चालू ठेवता येते. म्हणून टर्नरांची ती वही! ती पेटंटमध्ये टाकू नका, कराराला स्वतंत्र परिशिष्ट म्हणून जोडा.

पुस्तकी_किडा
कोल्टच्या गोष्टीचं शेपूट राहिलं. १९६७ मध्ये अमेरिकी सरकारने कोल्टकडून एम-१६ च्या, म्हणजे त्याच एआर-१५ च्या लष्करी रूपाच्या, उत्पादनाचे हक्क मिळवले आणि पुढच्या वर्षी जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला व हॅरिंग्टन अँड रिचर्डसनला कामं दिली. म्हणजे तुम्ही परवाना एकाला देता आणि बनवतो तिसराच. उपपरवान्याचं कलम विसरू नका.

बदलाबद्दलही तेच. काडतुसातली पावडर बदलली गेली, सुरुवातीला चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचं सामान सैनिकांना पुरेसं दिलं नाही आणि व्हिएतनाममध्ये रायफली अडकू लागल्या. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेची चौकशी झाली. पावडरीबद्दल मूळ डिझाइनर यूजीन स्टोनर यांचं मत विचारलं गेलं ते निर्णय होऊन गेल्यावर. नाव मात्र त्यांच्या डिझाइनचं खराब झालं.

निवृत्त_स्टोअरकीपर
परवाना घेणारा कुठल्या देशात आहे तेही बघा. आर्मालाइटने एआर-१८ या रायफलचा परवाना जपानच्या होवा कंपनीला दिला होता. जपानच्या निर्यातबंदीमुळे लढाईत गुंतलेल्या देशांना विकता येईना, उत्पादन गुंडाळावं लागलं. मग इंग्लंडच्या स्टर्लिंग कंपनीने घेतला. त्या यांत्रिक रचनेचे वंशज पुढे कितीतरी सैन्यांत गेले, आर्मालाइटच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

आणि कंपनी परदेशी असेल तर ईमेलने ड्रॉइंग पाठवणं हीसुद्धा अनेक देशांत शस्त्र-तंत्रज्ञानाची निर्यात धरतात. आधी परवानगी, मग 'सेंड'चं बटण.

नेमबाज_डावरी
कानस, 'मशीन डिझाइन करतो' म्हणजे नोकरी ना? नेमणूकपत्र काढून वाचा. तुम्ही लावलेला शोध कंपनीचा, असं कलम असतं बऱ्याचदा. ड्रॉइंग ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर केलं असेल तर आणखी गुंता. आणि कारागीर काकांचं नाव पेटंटवर येणार का? त्यांच्याशी लेखी काही?

पुस्तकी_किडा
+१. जॉन गॅरंड स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत नोकरीला. १९३६ मध्ये पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले. चाळीस लाखांवर त्यांच्या डिझाइनच्या एम-१ रायफली निघाल्या, रॉयल्टी शून्य. संसदेत त्यांना एक लाख डॉलर द्यायचं विधेयक आलं, तेही बारगळलं.

कानस
तीन दिवस गप्प होतो, कारण कागद शोधत होतो.

नेमणूकपत्रात कलम आहे. 'कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित' शोध कंपनीचे. आम्ही पॅकिंगची मशीनं बनवतो, रायफलीशी संबंध लावणं कठीण, पण 'संबंधित नाही' असं लेखी घेतोय. ड्रॉइंग घरच्या संगणकावरच केलीत, देवाची कृपा. पहिलं स्केच मात्र ऑफिसच्या पॅडवर आहे, वरती कंपनीचा लोगो. ते वकिलांना दाखवलं तर हसायलाच लागले.

पेटंट वकील परवा भेटले. क्लबात त्या दिवशी कोण होतं त्याची यादी मागितलीय. फोटो एकाकडे निघाले, बोल्ट बंद असलेले, सांधा दिसत नाही. अर्ज पुढच्या आठवड्यात. कंपनीला तोवर कळवलं की फॉर्म वकिलांकडे आहे. ते म्हणाले, काही घाई नाही. हे चांगलं की वाईट?

कारागीर काकांना म्हटलं, पाकळी ऑइलस्टोन मारून बसवायची कल्पना तुमची, मग पेटंटवर नाव यायला हवं का? ते म्हणाले, मी फक्त घासलं. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, घासणं म्हणजे शोध नव्हे, पण पाकळीचा उतार त्यांनी सुचवला असेल तर नाव यायलाच हवं, नाहीतर पुढे पेटंटच अडचणीत येईल. उतार त्यांनीच सुचवला होता. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी, माझ्यासमोर, खडूने बाकावर काढून दाखवला होता. मी विसरलोच होतो.

कलमकसाई
मग आधी त्यांच्याशी हिस्सा ठरवा, लेखी. दोन नावं असतील तर अनेक देशांत एकटा काय करू शकतो, परवाना देऊ शकतो की नाही, याचे नियम वेगवेगळे आहेत. उद्या कंपनी त्यांना वेगळं गाठू शकते.

'घाई नाही' याचा अर्थ काढत बसू नका.

जुना_टर्नर
आणि ती मधली स्थिती?

कानस
सापडली. बोल्ट ९० टक्के फिरल्यावर पाकळी टेकते आणि बोटाला वाटतं की बसली. बसलेली नसते. पिन पुढे जात नाही, म्हणून गोळी सुटत नाही, पण नेमबाजाला कळत नाही की का सुटत नाही, आणि मग तो हिसडे देतो. काका म्हणतात, पाकळीचा उतार थोडा वाढवला तर एकतर पूर्ण बसेल, नाहीतर परत ढकलली जाईल. मध्ये थांबणारच नाही. चौथा नमुना लागणार.

जुना_टर्नर
उतार बदलला तर अर्जही बदलायला हवा. आधी खडू, मग वकील.

कानस
हो. काकांना उद्या सकाळी बाकाशी बसवतो. या वेळी खडूच्या चित्राचा फोटो काढून त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या.